जिप्सीचे पाट्यांचे बुश आठ महिन्यांत का गेले, आणि आता बदलताना काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चिमूरजवळ जुनी, सफारीत चाललेली जिप्सी घेतली. दिवाळीच्या आधी गॅरेजवाल्याकडून चारही पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या जोडांतले रबरी तुकडे, नवे टाकून घेतले, तेही कंपनीचे. जून येईपर्यंत पुन्हा खडखड सुरू झाली. पांदण रस्त्यावर पुढून ठोका येतो, डांबरी रस्त्यावर साठच्या वर गाडी डावीउजवीकडे भटकते. आता कुणी पॉलियुरेथेनचे बुश टाका म्हणतो, कुणी शॉकअप बदला म्हणतो. ताडोब्याचा कोअर (जंगलाचा आतला भाग) बंद असताना, म्हणजे १ जुलै ते ३० सप्टेंबरच्या आत, काम उरकायचं आहे आणि घरीच करता आलं तर करायचं आहे.

भाऊ, आधी पॉलियुरेथेनचं बाजूला ठेवा. चांगल्या रबराचा बुश आठ महिन्यांत जात नाही. काळी माती असो, सहा पर्यटक, गाईड आणि ड्रायव्हर असा भार असो, की मे महिन्यातलं चंद्रपूरचं ४५ अंशांच्या वरचं ऊन असो, तरी नाही. तो इतक्या लवकर गेला तर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. एक, गाडी जॅकवर असताना, चाकं लटकत असताना नट आवळले. दोन, वॉशिंगवाल्याने खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारलं. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत तर पुष्कळदा दोन्ही झालेलं असतं.

पहिलं कारण नीट समजून घ्या, कारण नवे बुश टिकणं त्यावरच आहे. बुशमध्ये पिन किंवा बोल्ट बेअरिंगसारखा मोकळा फिरतो असं बऱ्याच जणांना वाटतं. रबरी बुशात तसं होत नाही. नट आवळला की बुशचा आतला भाग बोल्टला धरतो आणि बाहेरचा भाग पाट्याच्या डोळ्याला, म्हणजे टोकाला वळवलेल्या गोल भोकाला. पाटा वरखाली झाला की मधलं रबर पिळतं आणि परत सुटतं. ते घासायला नव्हे, पिळायलाच बनवलेलं असतं, पण एका हद्दीपर्यंत. गाडी जॅकवर असताना पाटा जास्त वाकलेला असतो, त्याच्या दोन्ही टोकांमधलं अंतर कमी होतं आणि शॅकल (पाट्याचं एक टोक जिच्यावर झुलतं ती पट्ट्यांची जोडी) अ‍ॅक्सलच्या बाजूला ओढलेली असते. तशात नट घट्ट केला तर रबराची सरळ स्थिती तिथे पक्की होते. मग गाडी खाली उतरवली की पाटा सपाट होतो, लांबतो, शॅकल बाहेर झुकते आणि गाडी नुसती उभी असतानाही रबर पिळलेलंच राहतं. ओलं धोतर पिळून तसंच खुंटीला टांगून ठेवावं तसं ते चोवीस तास ताणात असतं. त्यात खड्डा आला की हद्द ओलांडली जाते. आधी कडेला बारीक चिरा पडतात, मग रबर धातूपासून सुटतं आणि घासायला लागतं.

दुसरं कारण आपल्याकडच्या जुन्या सवयीचं. पाटे करकरू नयेत, गंजू नयेत म्हणून धुतल्यावर खालून डिझेल मारतात. पाट्यांच्या लोखंडाला त्याने काही होत नाही, पण नैसर्गिक रबर तेल पितं, फुगतं आणि मऊ पडतं. काढलेला जुना बुश नखाने दाबून बघा. कडक होऊन तडकला असेल तर तो वयाने आणि उन्हाने गेला. फुगलेला, बोटाला काळं लावणारा, गुळगुळीत चिकट झाला असेल तर तेलाने गेला. आणि रबर एकाच दिशेने ओढून फाटल्यासारखं दिसत असेल, म्हणजे कडेच्या चिरा गोल न जाता तिरप्या जात असतील, तर तो लटकत्या चाकावर आवळल्यामुळे गेला. जुने बुश फेकू नका. बारा जागांचे वेगवेगळे ठेवा आणि एकदा उजेडात नीट बघा.

बारा म्हणजे कसे ते सांगतो. जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे पाटे आहेत. प्रत्येक पाट्याचं एक टोक चॅसिसच्या ब्रॅकेटमध्ये पक्कं असतं आणि दुसरं शॅकलवर झुलतं. पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला, मागच्यांची मागच्या टोकाला. पक्क्या टोकाला एक जागा आणि शॅकलला दोन, एक पाट्याच्या डोळ्यात आणि एक चॅसिसच्या नळीत. तीन गुणिले चार, बारा. गॅरेजमध्ये पुष्कळदा पाट्याच्या डोळ्यातले बुश बदलतात आणि चॅसिसच्या नळीतले तसेच ठेवतात, कारण ते वरच्या बाजूला अडचणीत असतात आणि चिखलाने झाकलेले असतात. बिलावर मात्र ‘सगळे बुश’ लिहिलेलं असतं. तुमचे बाराही बदलले होते का, हे आधी पाहा.

सुटं करण्याआधी गाडी चाकांवर उभी असतानाच तपासा, कारण जॅकवर घेतली की निम्मी लक्षणं झाकली जातात. आधी खालचा भाग पाण्याने धुऊन घ्या. आपली काळी माती शॅकल आणि चॅसिसच्या फटीत सुकून बसली की बुश गेलेला असला तरी हलत नाही आणि सगळं घट्ट आहे असं वाटतं. मग पाट्याचा डोळा आणि ब्रॅकेट यांच्या मध्ये सब्बलीचं टोक किंवा लांब टॉमी घालून हळूच उचका. रबर थोडं दबून परत आलं तर ठीक. टक्कन आवाज आला, किंवा डोळा एका बाजूला सरकून तिकडेच राहिला तर बुश गेला. शॅकलच्या दोन्ही पट्ट्यांकडे समोरून पाहा. पट्टी आणि डोळा यांच्यातली फट एकीकडे जास्त, दुसरीकडे शून्य आणि तिथे लोखंड घासून चकाकलेलं दिसलं तर आणखी शंका नको. डोळ्याच्या तोंडाशी तांबूस भुकटी जमली असेल तर आत लोखंडाला लोखंड लागतंय.

मागचे बुश ओळखायला दुसरी खूण आहे. गाडी हळू पुढे घ्या, थांबवा, रिव्हर्स टाकून क्लच सोडा. खालून एकच जाड ठोका आला तर मागच्या पाट्यांच्या पक्क्या टोकाचे बुश पाहा, कारण अ‍ॅक्सलचा सगळा जोर त्यांच्यातूनच चॅसिसला जातो. असाच ठोका प्रोपेलर शाफ्टच्या (अ‍ॅक्सलला जोर नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसने, म्हणजे त्याच्या जोडानेही येतो. म्हणून इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून, शाफ्ट हाताने उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये प्ले (ढिलाई) असेल तर तिथेच कळेल.

शॉकअपबद्दल एवढंच. शॉकअप गेला तर गाडी खड्ड्यानंतर डोलत राहते. भटकणं आणि कोरडा ठोका हे सहसा त्याचं काम नाही. मात्र शॉकअपच्या दोन्ही टोकांनाही रबरं असतात आणि ती फुटली की ठोका येतो. पाट्यांचे बुश बदलताना तीही बघा.

आता प्रत्यक्ष काम. दोन दिवस आधी सगळ्या नटांच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारा. संध्याकाळी पुन्हा मारा. आटे तारेच्या ब्रशने साफ करा. जुने बुश जाणारच आहेत, तेव्हा आत्ता तेल त्यांना लागलं तरी चालेल. काम वावरातल्या मातीवर करू नका. पावसाळ्यात जॅक खाली रुतेल आणि गाडी सरकेल. सिमेंटचा ओटा, कापूस जिनिंगचं फरशी केलेलं आवार, गोदामाची पडवी, काहीही चालेल, पण जमीन कडक आणि सपाट हवी. जॅकखाली जाड फळी, उरलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि चॅसिसखाली दोन्ही बाजूंना घोड्या (लोखंडी स्टँड). नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका. विटांच्या थप्पीवर तर मुळीच नाही. वीट भाराने अचानक फुटते.

चाकं जमिनीवर असतानाच सगळे नट एक-एक आटा सैल करून घ्या. नंतर गाडी घोड्यांवर आणि अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक. तो जॅक महत्त्वाचा. अ‍ॅक्सल किंचित वरखाली करत राहा आणि बोल्टवर हात ठेवा. एका जागी बोल्ट हाताने फिरायला लागतो. तिथे पाट्याचा ताण संपलेला असतो. तिथेच बोल्ट काढा. ताण असताना हातोडीने बडवून काढला तर पाटा उसळतो आणि बोटं जातात. एका वेळी एकच पाटा आणि त्याचंही एकच टोक सोडवा. यू-बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे) काढायची गरज नाही. सगळं एकदम मोकळं केलं तर अ‍ॅक्सल सरकतो आणि परत भोकं जुळवण्यात दिवस जातो. शॉकअपचं खालचं टोक सोडून ठेवा आणि ब्रेकच्या होजवर लक्ष ठेवा. अ‍ॅक्सल कधीही होजवर लटकता कामा नये.

बोल्ट अडकला तर घाई करू नका. स्टीलच्या नळीचा बुश असेल तर बोल्ट आणि नळी गंजून एकजीव झालेली असते. पाना लावला की बोल्ट फिरतो असं वाटतं, पण आत रबरच पिळत असतं. बोल्ट थोडा पुढे, थोडा मागे फिरवत तेल आत जाऊ द्या. नट आट्यांच्या टोकाला बरोबरीत आणून त्यावर पितळी तुकडा ठेवून ठोका, म्हणजे आटे शाबूत राहतील. तरीही हलला नाही तर डोळा आणि ब्रॅकेट यांच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून दोन्हीकडून बोल्ट कापा. वेळ लागतो, पण ब्रॅकेट वाचतं. नवा बोल्ट घेताना जुन्याच्या डोक्यावर जो आकडा कोरलेला आहे त्यापेक्षा कमी ताकदीचा घेऊ नका. गेटच्या बिजागरीला लावायचा हार्डवेअरचा बोल्ट इथे चालत नाही. बुशच्या आत येणारा बोल्टचा भाग गुळगुळीत हवा, आटे नकोत.

गॅसने जाळून बुश काढायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती तुमच्या गाडीवर होऊ देऊ नका. पाटा हे पाणी दिलेलं स्प्रिंगचं पोलाद आहे. डोळा लाल केला की त्याचा कस जातो आणि पुढे मेन पाटा (डोळे असलेला मुख्य पाटा) तिथूनच तुटतो, तोही भर रस्त्यात. रबर जळताना आत कोंडलेल्या वायूने नळी उडू शकते, आणि पॉलियुरेथेन जाळलं तर त्याचा धूर सरळ विषारी असतो. त्यापेक्षा रबरात ड्रिलने चार-पाच भोकं पाडा, आतला भाग ओढून काढा. बाहेरचं स्टीलचं कवच राहिलं तर हॅक्सॉचं पातं आतून घालून कवचाला एक उभी चीर द्या आणि छिन्नीने ती कड आत दुमडा. डोळ्याच्या लोखंडाला पात्याचा ओरखडा लागायच्या आत थांबा.

डोळा रिकामा झाला की घाईने नवा बुश ठोकू नका. तुमचं अर्धं उत्तर तिथे दडलेलं असू शकतं. लाकडी दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून आतला गंज काढा. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) मिळाला तर डोळा उभा आणि आडवा मोजा. दोन्ही मापांत स्पष्ट फरक असेल, किंवा गुंडाळलेल्या पाट्याचं टोक उघडून फट पडली असेल, तर त्यात कुठलाच बुश टिकणार नाही, मेन पाटा बदला. मग शॅकलची पिन घ्या आणि तिच्यावरून नख फिरवा. बुश बसायच्या जागी नख अडकलं, पायरी जाणवली, तर पिन झिजलेली आहे. झिजलेल्या पिनेवर नवा बुश पहिल्या दिवसापासून सैलच असतो. जुन्या सफारीच्या गाड्यांत पिना फारशा कुणी बदललेल्या नसतात. चॅसिसची नळी जिथे वेल्ड केली आहे तिथे तारेच्या ब्रशने साफ करून चीर आहे का ते पाहा. असेल तर आधी वेल्डिंग, मग बुश.

नवे बुश घेताना डबीवर विसंबू नका. दुकानातच व्हर्नियर लावा. स्टीलच्या नळीचा बुश असेल तर आतली नळी डोळ्याच्या रुंदीपेक्षा किंचित लांब हवी, म्हणजे नट आवळल्यावर ब्रॅकेटचे कान नळीला धरतात. नळी आखूड असेल तर कान रबराला दाबतात, आणि तो बुश आपोआप मरतो. रबर नखाने दाबून सोडल्यावर लगेच वर यावं, साच्याची जाड कड नसावी. जिप्सी बनणं बंद होऊन वर्षं झाली, पण देशभर एवढ्या गाड्या आहेत की सामान मिळतं. नकली मालही तितकाच मिळतो.

बसवताना साबणाचं पाणी लावा. ग्रीस नाही, इंजिन ऑइल नाही, डिझेल नाही. साबणाचं पाणी सुकून जातं आणि रबर जागेवर धरतं. दोन तुकड्यांचा बुश दोन्ही बाजूंनी हाताने आत ढकलून, लांब बोल्ट आणि मोठे वॉशर लावून हळूहळू आवळत आत घ्या. कवचाचा बुश असेल तर दाब फक्त बाहेरच्या कवचावर यायला हवा, म्हणून कवचाच्या मापाचा सॉकेट लावा. रबरावर किंवा आतल्या नळीवर ठोकलं तर बुश बसायच्या आधीच आतून सुटतो. बुश तिरका चाललाय असं दिसलं की थांबा, मागे घ्या, पुन्हा लावा.

सगळं जोडून झालं की नट हाताने लावा, पान्याने फक्त टेकवा. आता गाडी खाली घ्या. चाकांवर उभी करा, बंपरवर आणि मागे उभं राहून चार-सहा वेळा जोरात दाबा, मग गाडी ढकलून दोन हात पुढे, दोन हात मागे करा. पाटे आणि शॅकल आपापल्या जागी येतील. त्यानंतर, गाडीचं वजन चाकांवर असताना, खाली आडवं पडून नट पूर्ण घट्ट करा, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथे दिलेल्या जोराइतके. रिकामी गाडी धरूनच आवळायचं असतं. पण जी गाडी वर्षभर माणसं भरूनच चालते, तिच्या मागच्या सीटवर मी दोन जण बसवतो आणि मग मागचे नट आवळतो. रबर मग रिकाम्या आणि भरलेल्या स्थितीच्या मध्ये सरळ राहतं आणि दोन्हीकडे सारखंच पिळतं. गॅरेजमध्ये काम दिलं असेल तर या वेळेला स्वतः हजर राहा. खाली जागा कमी असते, पाना पूर्ण फिरत नाही, म्हणून मेकॅनिक गाडी वर असतानाच इम्पॅक्टने (आवळायच्या मशीनने) आवळून मोकळा होतो. जागा हवी असेल तर चारही चाकं लाकडी फळ्यांवर चढवा, वजन चाकांवरच राहतं.

पॉलियुरेथेन वाईट नाही, पण तुमच्या कामाला नाही. तो आत नळीवर सरकतो, म्हणून त्याला ठरावीक काळाने सिलिकॉन ग्रीस लागतं. आपल्या मातीची बारीक पूड त्यात शिरली की ग्रीसची घासणारी लेई होते, आधी करकर येते आणि मग नळी झिजते. शिवाय एक चाक धुऱ्यावर आणि दुसरं नालीत असताना पाट्याला आडवी पीळ बसते. ती रबर सहन करतं, कडक पॉलियुरेथेन मेन पाट्याकडे आणि ब्रॅकेटच्या वेल्डकडे ढकलतं. ज्या गाडीत तेलगळती थांबतच नाही किंवा जी फक्त डांबरावर जड भार ओढते, तिथे त्याचा उपयोग आहे. कुणी लेथवर नायलॉनचे किंवा पितळी बुश करून देतो म्हणेल. पितळी बुश ट्रकच्या पाट्यांत चालतात, कारण तिथे पिनेत ग्रीसचं भोक असतं आणि पिन त्यासाठीच कडक केलेली असते. जिप्सीच्या पिनेवर तो पिनच खाईल.

तुमच्या गावात कुणाची नवी थार किंवा स्कॉर्पिओ असेल आणि तो हेच विचारत असेल, तर त्याला सांगा की लोअर आर्मचे बुश घरी करू नका. त्यांना प्रेस लागतो, कॉइल स्प्रिंगचा ताण जिवावर बेततो आणि नंतर व्हील अलाइनमेंट करावीच लागते. शेवटचं आवळणं मात्र त्यांचंही गाडी चाकांवर असतानाच.

पाचशे किलोमीटर झाले की सगळे नट आणि यू-बोल्टही पुन्हा तपासा. वॉशिंगला गाडी देताना डिझेल मारू नका असं तोंडी न सांगता तिथे उभं राहून बघा. चिखलातून आल्यावर शॅकलच्या फटी साध्या पाण्याने धुवा, माती ओली असतानाच.

एवढं करूनही डांबरावर भटकणं राहिलं तर बुशवर आणखी पैसे घालू नका. पुढचं चाक उचला, वरून आणि खालून धरून हलवा. प्ले असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंग पिनचं (चाक ज्यावर डावीउजवीकडे वळतं त्या पिनेचं) बेअरिंग. मग हात चाकाच्या डाव्या-उजव्या कडेला घेऊन हलवा आणि टाय रॉड एंडकडे (स्टीअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या जोडाकडे) पाहा. यापैकी काही निघालं तर मला लिहा, कुठल्या बाजूचं आणि प्ले साधारण किती ते सांगा. तोपर्यंत कुणी स्टीअरिंग डॅम्पर बदला म्हणालं तर थांबा. तो फक्त थरथर दाबतो, प्ले तसाच राहतो.